चिखलाची साक्ष

रोह्याच्या हायस्कूलात दहावीचा उत्क्रांतीचा धडा निघाला, की गोविंदा सरांच्या पिशवीत दोन डबे असायचे. एकात भाकरी आणि दुसऱ्यात, ओल्या चिखलात, जिवंत निवट्या. डबा टेबलावर उपडा केला की बोटभर लांबीचे ते मासे पुढच्या परांवर रेटा देत हजेरीपटावरून चालायला लागायचे. पोरी पाय वर घ्यायच्या. पोरं ओरडायची.

"सर, ही आमी खातो! आमसूल टाकून!"

"खा की. पण खायच्या आधी एकदा बघ तरी. मासा हाय ना? मग पाण्याबाहेर मरत का नाय?"

"हिचं कातडं ओलं हाय, सर. त्यातनं श्वास घेती."

"शाब्बास. आणि पाण्यातच कोंडून ठेवली तर गुदमरेल. अशी कशी झाली असेल ही?"

मग सर शिकवायचे. लाखो वर्षं, पिढ्यांमागून पिढ्या, थोडा थोडा फरक. मागच्या बाकावरनं दरवर्षी कुणी ना कुणी, यंदा हर्षद, विचारायचाच, "म्हणजे माकडाचा माणूस झाला ना, सर?"

"माकडाचा नाय झाला. माकडाचा आणि तुझा पणजोबा एक. तुझ्यात तो जरा जास्त उतरलाय, इतकंच."

वर्ग खदाखदा हसायचा आणि सर निवट्या गोळा करून परत डब्यात घालायचे. संध्याकाळी नागोठणं, गडब करत मोटरसायकलवरून ते पेणला रामवाडीत घरी यायचे, आणि रविवारी सकाळी त्याच रामवाडीत, वेल्डिंगच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सतरंजीवर बसून येशूची गाणी म्हणायचे. ह्या दोन गोष्टींचं त्यांच्या आत कधी भांडण झालं नव्हतं. म्हणजे झालं होतं, पण फार मागे, आणि ते मिटवलं होतं त्यांच्या बापानं.

बाप नाथा ठाकूर. वडखळच्या खाली, खाडीच्या तोंडावर त्यांचं गाव. नाथाचा जन्म मिठागरात गेला. हाडानं दणकट, हाताला हलका, आणि दारूला वाघ. गोविंदा सहावीत होता तेव्हा नाथा इतका प्यायचा, की सकाळी मुकादम दारात आला की गोविंदालाच पुढं व्हावं लागे. "बा आजारी हाय," तो सांगायचा, नजर उंबऱ्यावर ठेवून, एका दमात, पाठ केलेल्या कवितेसारखं. मुकादमाला कळायचं. आत पडलेल्या नाथालाही ऐकू जायचं.

त्या जूनच्या उधाणात बांधाला खांड पडली. खाडीचं पाणी अडवणारा तो मातीचा बांध. एका खेकड्यानं बीळ पाडलं, बिळातनं पाणी झिरपलं, आणि दोन भरत्यांत बैलगाडी जाईल एवढं भगदाड झालं. खारं पाणी शिरलं की शेत तीन वर्षं पिकत नाही. सगळा गाव कंबरभर चिखलात उतरून खांड बुजवत होता. नाथा तेवढा काठावर, झिंगून, चिखलात पालथा पडलेला. त्या दिवशी एक सायकलवाला प्रचारक तिथून चालला होता. कोण, कुठला, पुन्हा कधी दिसला नाही. तो नाथाशेजारी बसला. नाथाच्या मुठीत चिखलाचा गोळा देऊन म्हणाला, "देवानं पहिला माणूस ह्याचाच मळला. तूपण ह्याचाच. बिघडलास तर काय झालं? मळणाऱ्याला परत मळता येतं."

नाथा त्या दिवसापासून प्यायला नाही. एकतीस वर्षं.

गावानं काय काय नाही ऐकवलं. "नाथा बाटला." "गोऱ्यांचा देव दारू सोडवतो, आमचे तर नुसता नवस मागतात!" हौसा, नाथाची बायको, विहिरीवर हंडा आपटून म्हणायची, "बाटला तर बाटला, बाटली तर गेली माझ्या घरातनं!" तिला धर्माचं फारसं कळत नव्हतं. तिला बांधाचं कळत होतं. नवरा त्या सायकलवाल्याच्या एका ओळीवर उभा आहे, ती ओळ म्हणजे बांध, आणि त्याला खेकड्याएवढंही बीळ पडता कामा नये.

नाथा दरवर्षी जूनच्या शेवटच्या रविवारी शेडमधल्या मंडळीपुढं उभा राहून साक्ष द्यायचा, म्हणजे आपल्याबाबतीत देवानं काय केलं ते सांगायचा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधावरचा ओला चिखल आणायचा, मुठीत धरायचा, आणि तीच गोष्ट त्याच शब्दांत सांगायचा. शेवटी मूठ उघडायचा. बोटांचे ठसे उमटलेला गोळा बघून दरवर्षी बाया रडायच्या.

गोविंदाच्या मनातलं भांडण कॉलेजात असतानाचं. बीएस्सीला जीवशास्त्र घेतलं आणि रात्रीची झोप उडाली. बायबलच्या पहिल्या पानावर सहा दिवसांत सगळी सृष्टी, आणि प्राध्यापक सांगतात कोट्यवधी वर्षं. एकाला खरं म्हणायचं तर दुसरा खोटा. मे महिन्यात मिठागरात बापाला मदत करताना त्यानं सहज विचारलं, "बा, मीठ तू करतोस का ऊन?"

नाथानं लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढता ओढता सांगितलं, "मी पान्याला वाट करून देतो. ह्या तळ्यातनं त्या तळ्यात. ऊन आटवतं. पिकतं त्याचं तेच, कोनी दाना दाना घडवत नाय. पन मीठ कोनाचं ईचारशील तर माझं."

गोविंदा तिथंच बांधावर बसला. मग देवानंही तसंच केलं असेल तर? वाट करून दिली, आणि वाट बघितली. दाणा दाणा न घडवता. मीठ मात्र त्याचंच. ह्याच आधारावर तो पुढं वीस वर्षं विज्ञान शिकवत आला आणि प्रार्थनाही करत आला. हे सुख आपल्याला बापानं दिलं, हे त्यानं बापाला कधी सांगितलं नाही. आमच्याकडे बापाला असलं काही सांगत नाहीत.

यंदा मंडळीतली भूमिका दहावीत गेली. गडबची पोरगी, हुशार, तोंडानं फटकळ. सभा सुटल्यावर चहाचा कप हातात घेऊन तिनं सगळ्यांच्या समोरच विचारलं, "काका, शाळेतल्या बाई सांगतात माणूस हळूहळू झाला. इथं पास्टर सांगतात एका दिवसात झाला. तुम्ही तर दोन्हीकडे. पेपरात मी काय लिहू, आणि देवाला काय सांगू?"

लोक हसले. पास्टर विशाल हसला नाही. तो तिशीतला, परगावचा, मनानं साधा माणूस. म्हणाला, "बरोबर विचारतेय. सर, पुढच्या रविवारी तुम्हीच सांगा. माझंही शिक्षण होईल."

पुढचा रविवार जूनचा शेवटचा होता. गोविंदा आठवडाभर टिपणं काढत होता. तो बापाच्या साक्षीचा दिवस, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी तो छान बोलला. निवटीचं सांगितलं, मिठाचं सांगितलं. पहिल्या रांगेत बसलेल्या नाथाकडे हात करून म्हणाला, "हे मी माझ्या बापाकडनं शिकलो." नाथानं मान खाली घातली, पण त्याचे कान लाजेनं लाल झालेले गोविंदाला दिसले. बाया माना डोलवत होत्या. भूमिका वहीत लिहून घेत होती. गोविंदाला वाटलं, इतकं सोपं होतं, आपण उगाच वीस वर्षं गप्प बसलो.

मग पास्टरनं विचारलं, भांडायला नाही, खरंच कळावं म्हणून, "सर, मग चिखलाचं काय? देवानं पहिला माणूस चिखलातनं केला, ते?"

"ते खरंच हाय, पास्टर. आपण मातीतलेच. पण कुंभार मडकं करतो तसा कुणी बसून मळला, असं नाय झालं. ती सांगायची रीत हाय."

हौसानं नवऱ्याकडे बघितलं. मगच गोविंदानं बघितलं. नाथाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती.

पास्टर म्हणाला, "नाथाबाबा, आज तुमची साक्ष."

नाथा उठला. पिशवीत हात घातला, तसाच रिकामा बाहेर काढला. "आज नाय बोलवत," म्हणाला आणि बसला.

मिनीडोर रिक्षातून गावी सोडायला जाताना गोविंदा बापाला समजावत होता. रीत, अर्थ, भाव. नाथा डॉक्टरचं ऐकावं तसं ऐकत होता. गावाच्या फाट्याला उतरल्यावर तो एवढंच बोलला.

"त्या सायकलवाल्यानं मना सांगितला, तुना मळलाय, परत मळंल. तू सांगतोस मळलाच नव्हता. मंग एकतीस वर्सं मना कोन मळीत व्हता रं?"

"देवच, बा."

"कसा?"

गोविंदाला उत्तर येत होतं. पण ते वर्गातलं होतं. फाट्यावरचं, बापाच्या हातातल्या त्या पिशवीसमोरचं नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत हौसाचा फोन आला. "खांड पडली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बांध पाहायला गोविंदा गेलाच नाही. सरळ बापाच्या घरी गेला. ओट्यावर नाथा बसला होता, विडी विझलेली, डोळे तांबडे, आणि तोंडाला तो वास. सहावीतला वास. हौसा दारातच आडवी उभी.

"आय—"

"आय नको बोलू. लोकांनी शेन फेकला तवा बांध टिकला. भावकीनं लगनाला बोलावला नाय तवा टिकला. भोक पाडायला माझाच पोऱ्या लागला."

"मी खोटं नाय बोललो, आय."

"कोन बोलतंय खोटा बोललास? खेकडा पन खोटा नाय बोलत!"

गोविंदानं काय काय केलं. पेणच्या डॉक्टरकडे नेलं; नाथानं गोळ्या घेतल्या आणि पीत राहिला. शाळेत त्यानं तो धडा मध्येच सोडला. पोरांना सांगितलं, बाकीचं स्वतः वाचा. हर्षदनं विचारलं, "सर, आज निवट्या नाय आणल्या?" तर त्याच्यावर उगाच खेकसला. शेवटी तो पास्टरकडे गेला. पास्टर म्हणाला, "सर, एक वाक्य. उभं राहून म्हणा, जसं लिहिलंय तसंच झालं. म्हाताऱ्यासाठी. देव माफ करेल."

"आणि भूमिका?"

"भूमिकेला पुढं आयुष्य पडलंय. नाथाबाबाला किती?"

जुलैच्या शेवटच्या रविवारी हौसानं नवऱ्याला अंघोळ घालून, पांढरा सदरा चढवून शेडमध्ये आणलं. नाथा मागे, दाराशी टेकून बसला. गोविंदा उभा राहिला. वीस वर्षं वर्गापुढं उभा राहिलेला माणूस, पण नजर वर येईना. सतरंजीच्या कडेवर ती अडकून राहिली.

"मागं मी जे बोललो ते चुकीचं होतं. पहिला माणूस देवानं चिखलातनं, स्वतःच्या हातानं मळला. लिहिलंय तसंच. मला कळलं नव्हतं."

एका दमात म्हणाला. "आमेन," पास्टर म्हणाला. दोनतीन बायाही म्हणाल्या. भूमिकेनं मात्र वही मिटली आणि ती गोविंदाकडे असं बघत राहिली, की त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

मागून हसू आलं. नाथा हसत होता, दातांशिवाय, खांदे हलवत.

"आयकलास गो, हौसा? ह्याच आवाजात. मुकादम दारात यायचा तवा ह्याच आवाजात सांगायचा. बा आजारी हाय." हसता हसता त्याला ठसका लागला. "माझा पोऱ्या माझ्यासाठीच खोटा बोलतो गो. येरवी नाय बोलत. म्हंजे आधी बोलला तोच खरा."

तो भिंतीला धरून उठला आणि चपला न घालता बाहेर गेला. सभेला तो पुन्हा आला नाही. गोविंदा जातो, पण मागे बसतो. भूमिका त्याला आता काही विचारत नाही. तिनं पेपरात काय लिहायचं ठरवलं, देवाला काय सांगायचं ठरवलं, हे तिचं तिलाच ठाऊक.

ऑगस्टातल्या एका दुपारी नाथा बांधावर पडलेला सापडला. ओहोटी होती म्हणून वाचला. गोविंदानं त्याला पाठुंगळी मारून घरी आणलं, ओट्यावर बसवलं आणि पाय धुवायला घेतले. चिखल मांड्यांपर्यंत, कानात, पापण्यांवर. हौसानं पाण्याची बादली आणून ठेवली आणि आत गेली. अलीकडे ती त्याच्याशी बोलत नाही, फक्त पाणी देते.

बोटांच्या बेचक्यातला चिखल निघेना. गोविंदा नखानं काढत होता. परातीतलं पाणी काळं झालं, त्यानं ते फेकलं आणि बादलीतलं उरलेलं ओतून घेतलं.

"उद्या शाला हाय?" नाथानं विचारलं.

"हाय."

"तो माशांचा धडा झाला शिकवून?"

"नाय. अर्धा राह्यलाय."

"शिकव. पोरं नापास व्हतील." मग म्हणाला, "आनि खोटा नको सांगू त्यांना. माझ्यापुरता सांगितलास तवरा पुरे."

गोविंदा दुसऱ्या पायाकडे वळला.

"आनि येताना," बाप हळू आवाजात म्हणाला, हौसाला ऐकू जाऊ नये म्हणून दाराकडे बघत, "वडखलवरनं एक क्वार्टर आन. मना आता तवरा चालवत नाय."

गोविंदानं बापाची टाच हातात घेतली. बादलीत पाणी तळाला गेलं होतं, आणि टाचेवरचा चिखल वाळून पांढुरका व्हायला लागला होता.