ताईचा नवरा येईपर्यंत

माझी मावसबहीण दातांच्या कवळ्या बनवते. घरात सगळे तिला ताई म्हणतात, वयाने मोठे असलेलेसुद्धा, कारण तिच्यावर आवाज चढवायची कुणाची छाती होत नाही. तिचं कामाचं ठिकाण म्हणजे दातांच्या दवाखान्यामागचा एक लांबट हॉल. एका टोकाला प्लास्टरचे साचे ओततात, मधल्या मोठ्या टेबलावर मेणात एकेक दात बसवतात आणि शेवटच्या टेबलावर हिरड्यांसाठी गुलाबी पावडर आणि एक उग्र वासाचं द्रव कालवतात. ताई या शेवटच्या टेबलावर बसायची. तो वास तिच्या स्वेटरला, केसांना, पर्सलासुद्धा यायचा.

ती या देशात एकटी आली, मी तिच्या मागून आले. कायम राहायची परवानगी तिने स्वतःच्या कामावर मिळवली. लग्नाचा विषय तिने इतकी वर्षं टाळला की शेवटी घरच्यांनीच नाद सोडला, आणि मग तिने लग्न केलं. सुट्टीत आईकडे गेली असताना इमारतीची लिफ्ट तिच्यासकट अडकली. दुरुस्तीवाल्याने दार उघडलं तेव्हा ताई धुमसत होती. इतका वेळ का लागला, असं तिने विचारलं. तो म्हणाला, घाई केली असती तर तुम्हाला दोन मजल्यांच्या मधोमध उतरवावं लागलं असतं. तिला त्याचा शांतपणा आवडला. पुढे याच शांतपणाने तिचं डोकं फिरणार होतं, पण ते तेव्हा कुणाला माहीत?

लग्न नोंदवून ताई परत आली आणि नवऱ्याला आणण्यासाठी अर्ज केला. त्यासाठी एक सल्लागार गाठला. छोटंसं ऑफिस, दोन खुर्च्या, मोठं टेबल. त्याच्या प्रत्येक उत्तराची सुरुवात 'थोडं थांबा'ने व्हायची. नोकरी बदलायची आहे? थोडं थांबा, अर्ज चालू असताना नोकरी बदललेली दिसायला नको. घर बदलायचं आहे? थोडं थांबा, पत्ता बदलला की कागद भलतीकडे जातात. ताईच्या खोलीच्या एका भिंतीला कायम ओल असायची, आणि दुसऱ्या एका ठिकाणी तिला जास्त पगाराची नोकरी चालून आली होती. तिने खोली सोडली नाही आणि ती नोकरीही घेतली नाही. जेवायला बसली की त्या भिंतीकडे बघत जेवायची, जणू भिंतच सरकारी आहे.

पहिलं वर्ष सरलं तेव्हा भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, महिनाभर नुसतं भेटायला यायची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. कारण काय, तर बायको तिथेच राहते, हा माणूस परत जाणार नाही. आणि त्याच आठवड्यात मूळ अर्जावर विचारणा आली: तुम्ही खरोखर नवरा-बायको आहात, एकमेकांना भेटता, याचे आणखी पुरावे द्या. ताईने दोन्ही पत्रं माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. मग म्हणाली, "तो मला भेटायला आला तर संशय, कारण तो माझा नवरा आहे. नाही आला तर संशय, की नवरा नसेलच. आता यांना मी काय दाखवू? भांडणं चालतील का?"

भांडणं भरपूर होती. फोनवर भावजी म्हणायचे, "होईल गं." हे दोन शब्द ऐकले की ताईच्या मस्तकात तिडीक जायची. ती फोन ठेवून द्यायची आणि ओट्यावरची भांडी पुन्हा घासायला घ्यायची.

त्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की मूल हवं असेल तर वयाकडे बघून आता वेळ घालवू नका. सासूबाई फोनवर दर वेळी वेगळ्या वाटेने त्याच मुद्द्यावर यायच्या, जसं काही ताईच चालढकल करत होती. आता ताईला नवऱ्याकडे जायला रजा मिळणार मोजकी, आणि ती गर्भ राहू शकतो नेमक्या अशा दिवसांत मिळायला हवी होती. मालक म्हणाला, त्याच्या पुढच्या आठवड्यात जा, या आठवड्यात ऑर्डरी आहेत. ताईने हातातला साचा खाली ठेवला आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, पण अगदी शांतपणे, तोच आठवडा का हवा ते त्याला सांगितलं. बायकांच्या शरीराचा पुरता पाठच दिला म्हणा ना. मालकाचे कान लाल झाले. त्याने रजेवर सही केली आणि नंतर कितीतरी दिवस तो तिच्या टेबलाकडे फिरकला नाही.

त्या खेपेला काही झालं नाही. पुढच्या खेपेला दिवस राहिले.

आम्हाला वाटलं, चला, निदान एक तरी गोष्ट वेळेवर झाली. पण त्या उग्र वासाने ताईला सकाळ-संध्याकाळ ओकाऱ्या होऊ लागल्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलं की या टेबलावर बसायचं नाही. मालकाने तिला साच्यांकडे पाठवलं, पण तिथे अर्ध्या दिवसाचंच काम होतं. पगार खाली आला. नवऱ्याला आणणाऱ्याची कमाई ठरावीक रेषेच्या वर असावी लागते, आणि ताई त्या रेषेच्या खाली घसरली. शिवाय येणारं बाळ धरून घरात माणसं वाढणार, म्हणजे रेषाही वर सरकणार. वर कळस म्हणजे भावजींच्या वैद्यकीय तपासणीची मुदत संपली होती. तपासणी वेळेवर केली होती, फाईलच सरकारी कार्यालयात पडून राहिली होती. तरी तपासणी पुन्हा करा आणि पगाराचे ताजे पुरावे द्या, असा हुकूम आला.

सल्लागाराकडे त्या दिवशी मी ताईबरोबर होते. त्याने सगळं चाळलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "खरं सांगू का, तुमची वेळ जरा चुकली. थोडं थांबायला हवं होतं."

ताईने पोटावर हात ठेवला. तिचा आवाज वाढला नाही, उलट खाली आला.

"तुम्ही सांगितलंत म्हणून मी खोलीत थांबले, नोकरीत थांबले. माझा नवरा तिकडे थांबला. आता माझ्या गर्भाशयालाही तुम्ही थांबा म्हणणार? उद्या मी पन्नाशीची झाले की हेच लोक लिहितील, मूल नाही, लग्न खोटं दिसतंय. तेव्हा तुम्ही मला काय सांगाल?"

तो म्हणाला की नियम त्याने केलेले नाहीत. ताई म्हणाली, ते तिला ठाऊक आहे, पण फी तो घेतो. आम्ही उठलो.  जिना उतरताना मी तिचा हात धरायला गेले तर तिने झटकला.

मग ती अर्ज पडून होता त्या मोठ्या सरकारी कार्यालयातही गेली. काउंटरवरच्या बाईने पडद्यावर पाहून सांगितलं की फाईलवर काम चालू आहे. ताईने विचारलं, कोण करतंय? त्या बाईला माहीत नव्हतं, आणि मला वाटतं, तिलाही त्याची लाज वाटत होती. ती म्हणाली, कमाई पुन्हा वर गेली की लगेच कळवा. त्या अख्ख्या काळात कामाचं असं हे एकच वाक्य आम्हाला कुणी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ताई मालकासमोर उभी राहिली. मेणात दात बसवायचं टेबल तिला पूर्ण वेळ हवं होतं. तिथे वास नव्हता आणि पगारही जास्त होता. ते टेबल एका जुन्या कारागिराचं, मालकाच्या मेहुण्याचं होतं. मालक म्हणाला, मेहुण्याला कसं उठवू? ताई म्हणाली, मेहुण्याला पोट आलंय ते जेवणाचं, तो वासाजवळ बसू शकतो. तिने सांगितलं, नाही दिलंत तर मी आजच जाते, मग लोकांच्या तोंडात छत्रीसारख्या उघडणाऱ्या तुमच्या त्या कवळ्या तुम्हीच बसवा. मालकाने आठवडाभर तोंड वाकडं केलं आणि मग टेबल दिलं. मेहुणा ताईशी आजतागायत बोलत नाही.

कमाई पुन्हा रेषेच्या वर गेली. ताईने पुरावे पाठवले. वाढलेलं पोट टेबलाला टेकत असताना ती हात लांब करून दात बसवत राहिली, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. तिला घरी पाय वर करून पडायचं होतं.

बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात मी होते. भावजी तिकडे फोन हातात धरून बसले होते, मी फोन लावून तिच्यासमोर धरू का असं विचारलं. कळा सोसत ताई म्हणाली, "नको. तो इथे नाही ना, मग नाही. फोनमध्ये आहे असं नाटक मला करायचं नाही." मुलगी झाल्यावर मीच बाहेर जाऊन भावजींना फोनवर सांगितलं.  त्यांनी विचारलं, ती रागावली आहे का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, "असू दे. रागावलीच पाहिजे."

मंजुरी आली तेव्हा मुलगी पालथी पडून मान उचलायला लागली होती. विमानतळावर भावजी एक बॅग घेऊन आणि हवेच्या मानाने फार पातळ असा कोट घालून बाहेर आले. लोक गळ्यात पडतात तसं काही झालं नाही. ताईने मुलगी पुढे केली आणि म्हणाली, "हिला धर, माझे हात भरून आलेत." भावजींनी तिला घेतलं. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि सारा विमानतळ डोक्यावर घेतला.

पुढचे आठवडे सोपे नव्हते. मुलगी त्यांच्याकडे जायची नाही. ताई कामावर, भावजी घरात, आणि घर म्हणजे तीच ओल आलेली खोली. एका रविवारी मी गेले होते तेव्हा ते सहज म्हणाले, बरं झालं, शेवटी सगळं झालं ना. ताई मुलीचे कपडे घडी करत होती. ती थांबली.

"काय झालं? माझं पोट वाढलं तेव्हा तू नव्हतास. ही पहिल्यांदा हसली तेव्हा नव्हतास. ते आता कोण परत देणार आहे? आणि तू प्रत्येक वेळी होईल गं, होईल गं. मी इथे भिंतीशी भांडत होते."

भावजींनी नेहमीसारखं तिला समजावलं नाही. ते म्हणाले, "मी होईल म्हणायचो, कारण दुसरं काय म्हणायचं ते मला सुचायचं नाही. फोन ठेवला की मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचो आणि तिथे ओरडायचो. खालचं वर कुणाला ऐकू येत नाही."

"मग मला ऐकवायचं होतंस," ताई म्हणाली. "मी एकटीच ओरडते आहे असं वाटायचं मला."

त्यावर दोघं भांडले. चांगले तासभर भांडले. जुनं, नवं, सासूबाईंचं, फुकट गेलेल्या त्या रजेचं, सगळं निघालं. मी मुलीला घेऊन बाहेर चक्कर मारून आले तेव्हा भावजी कोपऱ्यात चहा करत होते आणि ताई कपड्यांपाशी बसूनच त्यांना सांगत होती की साखर कमी घाल.

आता भावजी एका कंपनीत लिफ्टच्या कामावर आहेत, तिकडच्यापेक्षा खालच्या हुद्द्यावर. दोघांनी खोली बदलली. मुलगी बापाच्या छातीवर पहिल्यांदा झोपली त्या दुपारी ताई उठून आत गेली आणि नळ सोडून रडली. आनंदाने रडली असेल, असं मी म्हटलं, तर तिने मला तिथल्या तिथे थांबवलं. म्हणाली, रागाने रडले. ही झोप हिला जन्मल्या दिवसापासून मिळायला हवी होती.