भाऊजींनी पाहिलेला समुद्र

भाऊजी मोटार थांबवायचे ती रस्त्याच्या मधोमध. बाजूला घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. नागपूरच्या महाल भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची लॉरी उभी राहिली की मागे टांगे आणि बैलांच्या रेंग्या खोळंबून जात. कोणी फारच ओरडू लागलं तर भाऊजी खिडकीतून डोकं काढून म्हणायचे, "मोटार आपली, रस्ता सरकारचा. मंग डर कोणाचा गा?" टांगेवालेसुद्धा हसायचे. हे वाक्य सगळ्या महालाला पाठ झालं होतं.

गणपतराव भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे उमरेडच्या कोष्ट्यांच्या घरातले. वडिलांच्या मागावर बसून कंटाळले आणि नागपुरात येऊन मोटारीच्या कारखान्यात चिकटले. पुढे स्वतःची लॉरी घेतली. भिवापूरच्या मिरच्या नागपूरच्या बाजारात आणायच्या, जाताना किराणा न्यायचा. आवाज मोठा, हात सढळ. घरी आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देत नसत, आणि त्याचं बोलणंही पुरं होऊ देत नसत. समोरच्याच्या मनात काय आहे ते आपल्याला आधीच कळतं, अशी त्यांची खात्री होती.

माझ्या बहिणीला, अक्काला, समुद्र पाहायचा होता. आमच्यापैकी कोणीच तो पाहिला नव्हता. पण परक्या जागी, धर्मशाळेत अक्काला झोप लागत नसे. भाऊजी म्हणाले, "एवढंच ना? घरच घेऊन जाऊ सोबत." कामठीच्या छावणीतल्या लिलावात त्यांनी एक जुनी लष्करी लॉरी धरली आणि तिच्यावर सागवानी फळ्यांची खोली उभारली. आत रेल्वेसारख्या झोपायच्या फळ्या, भांड्यांची मांडणी, स्टोव्हला कोनाडा, छपरावर पाण्याचं पिंप. खिडक्यांना अक्काने जुन्या साडीचे पडदे शिवले. ते चालतं घर पाहायला पार सीताबर्डीवरून लोक यायचे. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. दिवाळीच्या सुट्टीत तिघंही निघालो. निघताना भाऊजी जमलेल्या लोकांना म्हणाले, "समुद्राले सांगून ठेवा, नागपूरवाले येऊन राहिले!"

अकोला मागे पडलं, पुढे देशावरची गावं गेली, कोल्हापूर गेलं. घाट उतरताना अक्काने डोळे गच्च मिटून घेतले होते. खाली लाल मातीची वाट, कुठे नुसती बैलगाडीची चाकोरी. खाडी आली की दोन होड्या जोडून त्यांवर फळ्या टाकत आणि आमचं घर पलीकडे नेत. एके दुपारी माडांच्या मागून अचानक समुद्र पुढे आला. अक्का खाली उतरली, हात जोडून उभी राहिली आणि रडू लागली. भाऊजी इतके खूश झाले की त्यांनी मोटार तशीच पुढे रेटली आणि सुरूच्या झाडांखाली एका मोकळ्या, सपाट जागेवर नेऊन उभी केली. जागा फार छान होती. गाव थोडं लांब, मध्ये केवड्याचं बन. दगडही आयते पडलेले होते. अक्काने तीन दगड उचलून चूल मांडली. दगड काळे झालेले होते. आम्हाला वाटलं, आपल्यासारखंच कोणी इथे राहून गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी जेवायला उशीर झाला. ऊन कलायला आलं होतं, पानं वाढलेली होती, भाऊजींनी ग्रामोफोन लावला होता. केवड्याच्या बनातून एक म्हातारा आला. कमरेला आखूड पंचा, अंगावर दुसरं काही नाही. लांबच थांबला. आम्ही जेवतो आहोत हे पाहून त्याने तोंड फिरवलं आणि पाठमोराच उभा राहिला. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाला, "हंयसर किती दिवस रवतल्यात?"

तो विचारत होता, इथे किती दिवस राहणार. भाऊजींना त्यात हुसकावणी ऐकू आली.

"काहून? जागा काय तुह्या बापाची हाय?" ते बसल्या जागेवरून गरजले. "किनारा सरकारचा आहे. मले शिकवतं का?"

म्हातारा तसाच पाठमोरा राहिला. आपण जास्तच बोललो असं भाऊजींना वाटलं असावं. त्यांनी टोपलीतली दोन संत्री काढून त्याच्या हातात ठेवली. "घे, नागपूरची आहेत. खा अन् जा घरी." म्हाताऱ्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि आला तसा निघून गेला. "पाहिलं?" भाऊजी अक्काला म्हणाले, "यालेच आला होता तो." आम्ही दोघी हसलो. तबकडी संपली होती, ती त्यांनी परत लावली.

सकाळी पाणी आणायला मी कळशी घेऊन निघाले. केवड्याच्या पलीकडे पंधरा-वीस माणसं उकिडवी बसलेली दिसली. मध्ये तिरडी होती. तिच्यावर हिरवं लुगडं आणि अबोलीची फुलं. म्हातारा उशाशी बसला होता. मला पाहून एकजण उठला. मीच ऐकून घाबरेन की काय अशा बेताने, हळू आवाजात त्याने सांगितलं. म्हाताऱ्याची सून काल दुपारी बाळंतपणात गेली. दिवस मावळायच्या आत न्यायची होती. गावची मसणवट ती एकच, सुरूच्या झाडांखाली.

मी परत कशी आले ते आठवत नाही. भाऊजी दात घासत होते. मी सांगितलं तशी त्यांच्या हातातला तांब्या तिरपा झाला आणि पाणी पायावर सांडत राहिलं. अक्काने चुलीकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

भाऊजी तसेच अनवाणी धावले. म्हाताऱ्यापुढे उभे राहून म्हणाले, "मले सांगायचं ना बाबा! एक शब्द बोलायचा ना!"

म्हातारा म्हणाला, "जेवत्या माणसाक ऊठ कसा म्हणूचा?"

भाऊजींनी मोटार सुरू केली. चाकं जागच्या जागी फिरली, वाळू उडाली, आणि आमचं घर आणखी खाली बसलं. फळ्या घातल्या, सामान उतरवलं. काही होईना. तेव्हा ती माणसं उठली. तिरडीपाशी एकाला बसवून बाकीचे मोटारीमागे आले. त्या गेलेल्या मुलीचा नवरा आला. म्हाताराही आला आणि त्याने आपला उघडा खांदा आमच्या सागवानी भिंतीला लावला. आत मांडणीवरची भांडी खणखणत होती, खिडकीतून अक्काने शिवलेले पडदे बाहेर फडफडत होते. मी आणि अक्का खाली मान घालून उभ्या होतो. कुठे पाहावं ते कळत नव्हतं. मोटार निघाली. आमच्याकडे न पाहता त्यांनी अंगावरची वाळू झटकली आणि ते तिरडी आणायला गेले.

पुढे गोव्यापर्यंत जायचं ठरलं होतं. भाऊजींनी मोटारीचं तोंड नागपूरकडे वळवलं. महालात लोक जमले, समुद्र कसा आहे विचारू लागले. भाऊजी म्हणाले, "मोठा आहे," आणि आत गेले. सागवानी खोली त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवली. अक्काने फळ्यांचं कपाट करू म्हटलं, तर ते नको म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात ते मिरच्यांच्या हंगामात चार-आठ दिवस कुठेतरी गेले होते. कुठे, ते अक्कालाही सांगितलं नाही. मला कळलं ते पुष्कळ वर्षांनी, दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा. भाऊजी पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते. अक्का स्वयंपाकघरात होती. त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं.

"कृष्णे, त्या म्हाताऱ्यानं शिवी द्यायले पाहिजे होती वं. मी बी दिली असती, अन् मोकळा झालो असतो."

मी म्हटलं, "भाऊजी, आता कशाला ते."

"मी गेलो होतो परत. रेल्वेनं गेलो, मंग सर्व्हिस मोटारीनं. घाटाच्या माथ्यावर मोटार थांबली. तिथून समुद्र दिसून राहिला होता. बाजूच्यानं विचारलं, खाली कोणाकडे जायचं आहे? मी तोंड उघडलं, अन् काय सांगू?" ते थांबले. त्यांचा तो मोठा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "तिथूनच माघारी आलो. काय नाव होतं वं त्याचं?"

म्हाताऱ्याचं नाव आम्ही विचारलं नव्हतं. त्या मुलीचंही नाही.