वागळे इस्टेटचा इंटरव्ह्यू, चाळीस वर्षं उशिरा

लोक आईवडिलांना काशीला नेतात, अंदमानला नेतात. मी बाबांना वागळे इस्टेटला नेलं. डोंबिवली ते ठाणे हा काही प्रवास नव्हे, हे मलाही कळतं. तरी लिहितेय, कारण तिथे पोहोचायला आमच्या घराला चाळीस वर्षं लागली.

बाबा चोवीस वर्षांचे असताना त्यांना वागळेतल्या एका कंपनीतून स्टोअरकीपरच्या इंटरव्ह्यूचं पत्र आलं. वेळ सकाळी अकराची. बाबा नऊलाच निघाले, आणि दिवा सुटल्यावर, बोगद्याच्या अलीकडे, गाडी बंद पडली. तीन तास हलली नाही. तेव्हा हे नेहमीचंच होतं. वायर तुटायची, लोक रुळांवर उतरून चालू लागायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरून जायचे. बाबा विसरले नाहीत. पुढे ते डोंबिवलीतल्याच कारखान्यात लागले आणि सायकलवर जाऊन-येऊन रिटायर झाले. पण घरात जे जे बिनसलं ते त्या गाडीमुळे. ठाण्यात ब्लॉक झाला नाही, त्या गाडीमुळे. दहावीला मला गणितात कमी पडले, तेही तिच्याचमुळे, कारण ठाण्यात शाळा चांगल्या.

शेवटी आई म्हणाली, एकदाची ती कंपनी दाखवून आण यांना, म्हणजे विषय संपेल.

गुरुवारी निघालो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि सर्टिफिकेटांची फाईल काखेत घेतली. कशाला, विचारलं तर म्हणाले, असू दे. जाणाऱ्यांसाठी सांगते: अकरानंतरची स्लो लोकल घ्या, बसायला मिळतं. आणि दिव्याला उतरायचं असेल तर पाण्याची बाटली घरूनच भरून न्या.

दिव्याला बाबा तडक प्लॅटफॉर्मच्या ठाण्याकडच्या टोकाला गेले आणि डोळ्यांवर हात धरून रुळांकडे बघत उभे राहिले. पाण्याचे दोन रिकामे कॅन घेऊन एक बाई चालली होती, ती थांबली. काय शोधताय, तिने विचारलं.

"बंद पडलेली गाडी," बाबा म्हणाले.

"कधीची?"

"चाळीस वर्षं झाली."

बाईने जरा विचार केला. "मग गेली असेल आता," ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

ठाण्याला उतरून रिक्षाने खोपटला गेलो. एसटी डेपोजवळ मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, नाहीतर मिसळ तुमच्यासकट पेटते. बाबांनी अर्धीच खाल्ली. इंटरव्ह्यूच्या आधी जड नको, असं काहीतरी पुटपुटले.

कंपनीचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता, प्लॉट नंबरासकट. शेड तीच होती, दारावर मात्र हिरव्या बेडकाचा प्रचंड फुगा. आत मुलांचं ट्रॅम्पोलिन पार्क. पोरं किंचाळत उडत होती. आत जायला रबरी ठिपक्यांचे मोजे सक्तीचे, तिथेच विकत मिळतात, घरचे चालत नाहीत. काउंटरवर बाबांच्याच वयाचे एक गृहस्थ होते. त्यांनी बाबांच्या पायांकडे नुसतं बघितलं आणि आठ नंबरचे मोजे पुढे केले.

बाबा म्हणाले, मला उडायचं नाहीये, मला इथलं ऑफिस बघायचंय, माझा इंटरव्ह्यू होता. मग त्यांनी सगळं सांगितलं, पत्रापासून तारखेपर्यंत. मी जमिनीकडे बघत होते. गृहस्थांनी मोजे खाली ठेवले.

"स्टोअरकीपरचा?" ते म्हणाले. "ती नोकरी मला लागली."

त्यांचं नाव गायकर. त्या दिवशी ते ऑफिसातला पंखा दुरुस्त करायला आले होते. बोलावलेले तिन्ही उमेदवार कल्याणच्या बाजूचे, तिघेही अडकलेले. आणि इंटरव्ह्यू घेणारे साहेबसुद्धा त्याच गाडीत. साहेब बोगद्यातून चालत कळव्याला आले आणि अडीच वाजता घामाघूम होऊन ऑफिसात शिरले. बाकावर कोणी नाही. पंखा मात्र छान फिरत होता. साहेबांनी विचारलं, उमेदवार का? गायकर म्हणाले, नाही. साहेब म्हणाले, व्हायचंय का?

"म्हणजे अडीचपर्यंत जागा रिकामी होती," बाबा म्हणाले.

"होती ना. मी खोपटला इलेक्ट्रिकचं दुकान टाकणार होतो, गाळा बघून ठेवलेला. घरचे म्हणाले, परमनंट नोकरी कोण सोडतं. तीस वर्षं बिनखिडकीच्या खोलीत नट-बोल्ट दिले. कंपनी बंद झाली, नव्या मालकाने ठेवून घेतलं. आता मोजे देतो." त्यांनी काउंटरवरचे मोजे सारखे केले. "आमच्या घरात अजून त्या गाडीला शिव्या घालतात."

एकाच गाडीने दोन घरांचं वाटोळं केलं होतं, एकाला नोकरी न देऊन आणि दुसऱ्याला देऊन. मग गायकरांनी बाबांना ऑफिस दाखवलं. तिथे आता वाढदिवस करतात. दोघे मोजे घालून छोट्या गुलाबी खुर्च्यांवर बसले आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा उरलेला केक खाल्ला.

परतीला कॅब केली. मुंब्रा बायपासच्या चढावर मी विचारलं, साहेब चालत पोहोचले, मग तुम्ही तीन तास गाडीतच बसून होतात का?

"नाही," बाबा म्हणाले. "सगळेच उतरले. अर्धे पुढे बोगद्यात शिरले, अर्धे मागे दिव्याला." बाजूच्या डोंगराकडे बघत ते म्हणाले, "आत फार काळोख होता गं."

मी त्यांच्या मांडीवरची फाईल माझ्याकडे घेतली, एवढंच.

घरी आल्यावर त्यांनी आईला सगळं सांगितलं, बोगद्यासकट. आई हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाल्कनीतला दिवा रात्रभर चालू ठेवता, मला वाटायचं चोरांसाठी."

या सहलीतून काय उरलं? फोटो चार, त्यातले दोन बेडकाचे. मोजे दोन जोड, बाबा ते फरशी ओली असली की घालतात. आणि घरात आता कुठल्याही गोष्टीला कारण सापडत नाही. गेल्या आठवड्यात मिक्सर जळला, तर तो नुसताच जळला.

काल गायकरांचा फोन आला. रविवारी नवरा-बायको दोघं जेवायला येतायत. बाबा त्यांना गाड्यांच्या वेळा सांगायला लागले, तेवढ्यात आईने फोन हातातून घेतला.

"वहिनींना नक्की आणा," ती म्हणाली. "आणि हे बघा, रिक्षाने या."