जीपचं खरं दुखणं

आमची जीप विकायचं ठरलं, कुंडलच्या माणसाला शब्द दिला गेला, आणि तिचं खरं दुखणं सापडलं ते त्यानंतर.

माझे यजमान लष्करात ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी जीप घेतली आणि कवठे महांकाळहून मिरजेला सीटवर माणसं नेणारं वडाप सुरू केलं. गाडीत माणसं बसली की हे खुलायचे. एरवी घरात फार बोलत नाहीत; जेवताना तेवढं वाटेतलं सांगायचे.

मग गाडीचा काटा वर जायला लागला. सकाळी ठीक असायचा. तासभर गाडी पळाली की इंजिन तापल्याचा काटा सरळ लाल पट्ट्यात. हे गाडी बाजूला घ्यायचे, बॉनेट उघडायचे, थांबायचे. पाणी उकळलेलं नसायचं, पण लाल काटा बघून गाडी दामटायची कुणी? गॅरेजवाल्याने रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला. शेवटी इंजिनचं हेडही खोललं. काटा काही ऐकेना.

एकदा परीक्षेला निघालेल्या मुली रस्त्यात उतरवाव्या लागल्या. एका ट्रकला हात करून यांनी त्यांना पुढे पाठवलं. त्या वेळेत पोचल्या की नाही, ते यांना कधी कळलं नाही. त्या दिवसापासून गाडी चालवताना हे रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त बघायला लागले. मागे बसलेली माणसंही वाकून बघायची. हळूहळू गाडीत बसणारेच कमी झाले.

म्हणून विकायची ठरली. कुंडलचा एक शेतकरी भाजी वाहायला घेणार होता. तो न्यायला येणार त्या सकाळी मी जीप पुसत होते. आतली टेप काढून ठेवावी, ती चालते का बघावं, म्हणून चावी फिरवली. इंजिन सुरू केलंच नव्हतं. गाडी रात्रभर अंगणात उभी, हाताला गारठा लागत होता, आणि काटा सरसर चढून लाल पट्ट्यात गेला.

मी हाक मारली, "आवं, जरा इकडं या. गार गाडीचा काटा वर गेलाय."

हे आले. बॉनेट उघडून त्यांनी काट्याला पाण्याचं तापमान कळवणाऱ्या सेन्सरची वायर ओढून काढली. काटा खाली आला. वायर लावली, पुन्हा वर. मग सेन्सर खोलून आणला. माझ्याकडून एका भांड्यात गार पाणी आणि एका भांड्यात चुलीवरचं कढत पाणी घेतलं, शेजारच्या वायरमनकडून मीटर आणला. सेन्सर गारातून कढतात घातला तरी मीटरवरचा आकडा हलला नाही. पाणी तापलं की आकडा बदलायला हवा, असं त्यांनी मला सांगितलं.

"इंजिन कवाच तापलं नव्हतं," हे म्हणाले. "ह्योच खोटं सांगत हुता. आदी तापल्यावर बिघडायचा, आता पुरताच गेलाय."

मला इतका आनंद झाला की मी म्हणाले, "मग फोन करून सांगा, गाडी द्यायची न्हाई."

"शब्द दिलाय."

दहाच्या सुमारास तो शेतकरी आला. यांनी काही लपवलं नाही. सेन्सर त्याच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. तो भला माणूस होता. थोडा वेळ गाडीकडे बघून म्हणाला, "मग तुमाला ठेवायची हाय का? माझं काय न्हाई, मी दुसरी बघीन."

मी चहा घेऊन दारातच उभी होते. आता हे हो म्हणतील, असं मला वाटलं.

"न्हाई," हे लगेच म्हणाले. "तुमी न्या."

तो जीप घेऊन गेल्यावर मी विचारलं, "त्यो सोडत हुता की. का न्हाई म्हणालासा?"

"सेन्सर बदलता येतोय गं. पर माझी नजर आता त्या काट्यावरनं उठायची न्हाई," एवढंच म्हणून हे विहिरीकडे गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते.

आता हे साताऱ्याला एका कंपनीची बस चालवतात. कामगार आणायचे, सोडायचे. रविवारी घरी येतात, लेकीचा अभ्यास घेतात, सोमवारी पहाटेच्या एसटीने जातात. बसचं कसं काय चाललंय विचारलं, तर "बरं हाय" म्हणतात. वाटेत कोण भेटलं, कोण काय बोललं, हे पूर्वी जेवताना सांगायचे. आता जेवण मुकाट्याने होतं. त्या सकाळी दारातून "ठेवूया" एवढा एक शब्द मी बोलायला हवा होता, असं मला अजून वाटतं. बोलले असते तर यांनी ऐकलं असतं का, ते मात्र माहीत नाही.