तुरीचा आडोसा

पहाटेच्या नळाला आमच्या गल्लीत स्वतःचा एक आवाज आहे. आधी हवेची खोकल्यासारखी उबळ, मग रिकाम्या घागरीच्या तळावर पडणारी बारीक धार, आणि घागर भरत जाईल तसतसा जड, गोलसर होत जाणारा तिचा सूर. शेजारच्या रजियाआपा रोज ती घागर भरतात आणि भिंतीच्या अलीकडे खाटेवर पडलेली माझी पत्नी महानंदा डोळे मिटून तो सूर ऐकत राहते. तिला दिवसभरात अर्ध्या लिटरच्या बाटलीत मावेल एवढंच पाणी प्यायची मुभा आहे. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. पाण्याचा आवाज इतका निर्दय असू शकतो, हे मला सत्तरीला टेकल्यावर कळायचं होतं!

थकलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. दिवसाआड आमच्या दुबलगुंडीहून बिदरला जायचं, महानंदाचं रक्त नळीतून यंत्रात जाताना आणि धुऊन परत येताना पाहत चार तास खुर्चीत बसायचं, आणि संध्याकाळी तिला हाताला धरून बसमध्ये चढवायचं. यंत्र मोठं, कपाटाएवढं. त्याला वीज लागते, पाणी लागतं, देखरेखीला माणूस लागतो. त्याच्याकडे बघताना वाटतं, हेच काम मुठीएवढे दोन अवयव पाठीच्या अंधारात, बरगड्यांच्या आडोशाला, एक शब्द न बोलता करत होते. जन्मभर केलेल्या सेवेची आठवण सेवा थांबल्यावरच व्हावी, ही माणसाची कसली रीत म्हणायची?

आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही. मी विज्ञानाचा मास्तर. सीमेवरच्या मराठी शाळांतून तीस वर्षं शिकवलं. पचन रंगवून सांगितलं, हृदयाची आकृती तर मी रंगीत खडूंनी अशी काढायचो की शेजारच्या वर्गातले शिक्षक बघायला यायचे. पण 'उत्सर्जन संस्था' हा धडा आला की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू व्हायची, मुलींच्या माना खाली जायच्या आणि माझी स्वतःची जीभ जड व्हायची. फळ्यावर घेवड्याच्या बियांसारखे दोन आकार काढायचे, खाली एक पिशवी काढायची, नावं द्यायची आणि म्हणायचं, हा धडा घरी वाचून या. तीस वर्षं तो धडा सगळ्यांनी घरीच वाचला. म्हणजे कुणीच वाचला नाही.

खरं तर त्या धड्याइतकं सुंदर दुसरं काही त्या पुस्तकात नव्हतं. मूत्रपिंड रक्तातली घाण वेचून बाहेर टाकतं, असं आपण समजतो ना? तसं नाही. एकेका मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात, आणि त्या आधी जवळजवळ सगळंच सोडून देतात. पाणी, मीठ, साखर, सगळं. रक्तपेशी आणि प्रथिनं तेवढी मागं राहतात. मग तो गाळलेला प्रवाह लांबलचक वळणावळणाच्या नलिकांतून जाताना शरीर आपल्या कामाचं एकेक परत उचलून घेतं. दिवसाकाठी दीडशे लिटरहून अधिक गाळायचं आणि त्यातलं लिटर-दीड लिटर तेवढं बाहेर जाऊ द्यायचं! महानंदा अंगणात बसून तूर पाखडायची, तेव्हा सगळी रास सुपात उधळायची आणि दाणा तेवढा अचूक परत झेलायची. ते मी हजारदा पाहिलं, पण धडा शिकवताना एकदाही मला ते सूप आठवलं नाही.

आणि आपले शब्द तरी कसे! लघुशंका. केवढी अदब, आणि किती पडदे! आपण शंका म्हणून झाकलं, तेच आता माझ्या घरात सकाळ-संध्याकाळचं मोठं सत्य होऊन बसलं आहे. मूत्रपिंड म्हटलं की महानंदाच्या कानाला पिंड तेवढा ऐकू येतो आणि ती दचकते. रजियाआपांच्या दख्खनीत मात्र त्याला गुर्दा म्हणतात, आणि गुर्दा म्हणजे हिंमतसुद्धा. परवा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "डरो नक्को मास्तरसाब, भाभी का गुर्दा बडा है." दोन्ही अर्थ एका वाक्यात बसले. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

आमच्या भागातल्या बायकांचं पाणी तुरीच्या उंचीवर ठरतं, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी समजलं. आषाढात पेरलेली तूर दसऱ्यापर्यंत पुरुषभर वाढते. ती उभी असेतो रानात खुरपायला, वेचायला गेलेली बाई निर्धास्त असते. तहान लागली की पिते, गरज वाटली की दोन सऱ्या ओलांडून आत जाते. पौषात तूर कापली की रान बांधापर्यंत उघडं पडतं, आणि बायका पाणी पिणंच सोडतात. ऊन वाढत जातं तशी तहान वाढते आणि घोट कमी होत जातात. महानंदा अशीच वाढली. पुढे आमच्या घरात न्हाणी आली, शौचालय आलं, दाराला कडी आली. पण अंगानं शिकलेली गोष्ट कडीनं थोडीच विसरते? बसप्रवास असला, पाहुण्यांत जायचं असलं, की ती सकाळपासून तोंड कोरडं ठेवायची. मूत्राशय ही मोठी सोशीक पिशवी आहे, भरली तरी जागा मिळेपर्यंत थांबते. पण थांबायलाही काही अंत असावा ना!

यंदा वैशाखात तिच्या भावाच्या घरी, निंबर्ग्याला लग्न होतं. घर माणसांनी भरलेलं, सोय एकच, आणि तीही मांडवासमोर. दोन दिवस ती जवळजवळ पाण्याविना राहिली. घरी आलो तर तिचं पोट बिघडलं, जुलाब सुरू झाले. आणि उन्हानं, उठबशीनं गुडघे इतके ठणकू लागले की तिला झोपवेना. तेव्हा दुखण्याच्या गोळ्या मीच आणून दिल्या. दिवसातून तीनदा, माझ्या हातानं, तीन दिवस. अंगातलं पाणी आटलेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आखडतात, हे ज्याला माहीत असायला हवं होतं तो माणूस मीच होतो. तिची लघवी कधीच बंद झाली होती; पण ते नवऱ्याला सांगायचं कसं? चौथ्या दिवशी पायांवर सूज येऊन जोडवी बोटांत रुतली, तेव्हा मला कळलं.

बिदरच्या दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण आल्या आल्या कानडीत मोठ्यानं विचारते, "मूत्र आय्ता, अम्मा?" लघवी झाली का? महानंदा भिंतीकडे तोंड फिरवते. डॉक्टरीण मला म्हणाली होती, "कधी कधी मूत्रपिंडं नुसती झोपतात, मास्तर. काही आठवड्यांत उठतात. उठली नाहीत, तर मग यंत्र जन्माचं. रोज किती होते ते मोजा." म्हणून न्हाणीत खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग आला. सकाळी आणि संध्याकाळी मी दाराशी जाऊन विचारतो, आणि ती वैतागते, "कामून इचारायलाव सारखं सारखं? झाली की सांगीन की." मग बघावा तर तळ झाकेल एवढंच. पाच आठवडे तळच झाकत होता. खोटं कशाला बोलू, काही सकाळी विचारायला जायचीही इच्छा उरली नव्हती, आणि त्या इच्छेच्या नसण्याची मला लाज वाटायची.

काल दुपारी तिचे थोरले भाऊ, निंबर्ग्याचे अण्णा आले. ज्यांच्यासमोर तिनं जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ते हेच. रिवाजाप्रमाणे मी आधी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. अण्णांनी त्याला हात लावला नाही.

"प्या की अण्णा," महानंदा म्हणाली. "तुमी न प्याल्यानं माजी तान भागायलीय व्हय?"

"न्हाई गं, घशाखाली उतरंना झालंय," अण्णा म्हणाले. लग्न त्यांच्या घरचं, गोळ्या माझ्या हातच्या. आम्ही दोघं म्हातारे त्या तांब्याच्या दोन बाजूंना बसून राहिलो.

ती भिंत धरून उठली आणि न्हाणीत गेली. कडी लागली. मग एक बारीक धार मगाच्या तळावर पडल्याचा आवाज आला. मला वाटलं नळ असेल. पण दुपारी आमच्या गल्लीत नळ नसतो. धार थांबली नाही. तिचा सूर हळूहळू जड होत गेला, गोलसर होत गेला, अगदी घागर भरताना होतो तसा. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून न्हाणीच्या दाराशी गेलो.

"आवं!" आतून हाक आली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढी खणखणीत. "दुसरा मग द्या की लवकर! ह्यो भरलाय!"

मी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडलो. मग अण्णाच उठले, दाराबाहेरच्या बादलीतला तांब्या घेतला, मान दुसरीकडे वळवली आणि दाराच्या फटीतून तो बहिणीच्या हातात दिला.

डॉक्टरणीला फोन केला. ती म्हणाली, आता जेवढं जातं तेवढं पाणी प्यायला द्या, उद्या येऊन रक्त तपासून घ्या, यंत्र लगेच सुटेल असं मात्र समजू नका. नाही समजत. आजची बस आहेच, थकवाही आहेच. पण आज पहाटे रजियाआपांची घागर भरू लागली, तेव्हा महानंदा उठून मागच्या खिडकीशी बसली. बाहेर रान पेरणीआधीचं होतं, नांगरलेलं, बांधापर्यंत उघडं, कुठे वीतभर आडोसा नाही. तिनं ते नीट पाहिलं, आणि तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायली.