थोरलीच्या हातची चव

तिला सगळं बेट धाकटी म्हणतं. केस पिकले, दाढा पडल्या, गुडघे उठता-बसता कुरकुरू लागले, तरी धाकटीच. मग थोरली कुठे असते, असं एखादा नवखा विचारून बसतो आणि विचारणारा नि सांगणारा दोघंही ओशाळतात. थोरली ही धाकटीच्या नवऱ्याची पहिली बायको. बेटाच्या मागच्या अंगाला काळ्या खडकांचा किनारा आहे, तिथे ती कालवं काढायला गेली आणि लाटेने तिला ओढून नेलं. धाकटी या घरात आली ती त्यानंतर. दोघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नाही. पण म्हणून काय झालं? जन्मभर संसार केला तो दोघींनी मिळूनच.

लग्न होऊन आली त्या दिवशी तिने केलेल्या जेवणाचा पहिला घास नवऱ्याने तोंडात थोडा घोळवला. ताट सारलं नाही की रागावला नाही. एवढंच म्हणाला की ती खोबरं जरा जास्त भाजायची. झालं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. मग धाकटीने खोबरं जास्त भाजलं. मिठाचा डबा चुलीच्या उजवीकडून डावीकडे नेला, कारण थोरलीच्या वेळी तो डावीकडे असायचा. लसूण ठेचून की चिरून, हळद आधी की मागून, हे शेजारणींना खोदून खोदून विचारलं. शेजारणींना काय, मेलेल्या बाईचं कौतुक करायला पदरचं काही जात नाही. अशी वर्षं गेली, आणि एका दुपारी नवरा कालवण ओरपता ओरपता थांबला आणि ताटावरच रडायला लागला. तिचीच चव आली, म्हणाला.

त्या दिवशी धाकटी खरी घाबरली. कारण त्या दिवशी तिने काही आठवून आठवून केलं नव्हतं. तिचं सगळं लक्ष अंगणात धडपडलेल्या पोराकडे होतं. कालवण ढवळणारा हात तिचाच होता, पण तो तिला न विचारता चालला होता. तेव्हापासून चुलीपाशी ती एकटी नसते. पाठीमागे कोणीतरी उभं असतं. मान वळवून बघायची तिची छाती होत नाही. मीठ जास्त पडणार असलं की हात आपोआप आखडतो. बाईचं जेवण कधी म्हणून बिघडत नाही, असं लोक वाखाणतात. बिघडवायलाच मिळत नाही, हे ती कोणाला सांगणार?

नवरा जाऊनही आता बराच काळ लोटला. अंगणात धडपडलेलं ते पोर, म्हणजे थोरलीचा मुलगा, बोट चालवतो. धाकटीने त्याला न्हाऊमाखू घातलं, तापात त्याच्या उशाशी बसली, पण त्याची आई म्हणजे फोटोतली. हिला तो मावशी म्हणतो. प्रेमाने म्हणतो, त्याबद्दल तिची तक्रार नाही. हनिमूनला आलेली जोडपी तो सकाळी बोटीत घेतो, शिंपल्यांच्या किनाऱ्यावर फिरवतो, दुपारी धाकटीच्या पत्र्याच्या छपराखाली जेवायला आणतो आणि उन्हं कलली की सूर्यास्त दाखवायला काळ्या खडकांकडे नेतो. आई जिथे गेली तिथे उभं राहून तो लोकांचे हसरे फोटो काढून देतो. पोट कोणाला चुकलंय? धाकटीने मात्र त्या किनाऱ्यावर अजून पाऊल टाकलेलं नाही.

एके दिवशी बोटीत एकच जोडपं होतं. बोट टेकली तसा नवरा, तू सावकाश ये असं बायकोला सांगून, झपाझप पुढे आला. चाळिशीकडे झुकलेला, चष्मा लावलेला माणूस. छपराखाली वाकून हलक्या आवाजात म्हणाला की माशाचं डोकं वेगळं तळा आणि तिच्या ताटात वाढा, माझ्या नको.

धाकटी चेहरे विसरते, पण कोणी काय मागून खाल्लं ते विसरत नाही. डोकं मागणारी गिऱ्हाइकं विरळाच. काही वर्षांमागे एका नव्या नवरीने मागितलं होतं. गालफडं, डोळे, सगळं चोखून खाल्लं होतं पठ्ठीने, आणि बोटं चाटत हसत सुटली होती. समोर बसलेला तिचा नवरा, तेव्हा बिनचष्म्याचा, तिच्याकडे बघता बघता स्वतः जेवायचंच विसरला होता. तो हाच. धाकटीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने मान खाली घातली. ती आजारपणात गेली, म्हणाला. हिला पहिल्या लग्नाचं माहीत आहे, पण आम्ही इथे आलो होतो हे माहीत नाही. तेवढी ओळख दाखवू नका. त्याचा आवाज इतका पडला होता की धाकटीला त्याला झिडकारता येईना. बरं म्हणाली आणि तवा चुलीवर ठेवला.

बायको आली ती गवताची टोपी घालून. टोपीच्या फितीचा रंग पार उडाला होता, आणि टोपी तिला लहान होत होती. कपाळावर लाल वळ उठला होता, तो चोळत ती बाकावर बसली. हौसेने बोलणारी पोरगी होती. शिंपले किती सुंदर, पाणी किती नितळ, असं सगळं सांगून झालं. टोपी टोचते, पण बेटावर हीच घालायची असा ह्याचा हट्ट, असंही हसत हसत सांगितलं. डोकं चोखून खाणाऱ्या त्या नवरीने हीच टोपी बाकावर काढून ठेवली होती, हे धाकटीला आठवलं.

ताट वाढलं. भात, कालवण, आणि कडेला तळलेलं डोकं, डोळ्यासकट. पोरीचं हसू मावळलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खात नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. ही नजर धाकटीच्या ओळखीची होती. समोरच्या माणसाच्या तोंडात दुसऱ्याच कोणाचं तरी तोंड शोधणारी नजर. तसल्या नजरेखाली धाकटीने हजारो घास गिळले होते. पोरीने डोक्याचा एक तुकडा मोडला, डोळे मिटून चावला आणि पाण्याबरोबर घशाखाली ढकलला. आवडलं ना, असं त्याने विचारलं. हो, खूप, असं ती म्हणाली.

ते हो धाकटीच्या काळजात रुतलं. असंच एक हो तिनेही म्हटलं होतं, मिठाचा डबा उचलता उचलता. त्या एका होवर सगळं आयुष्य निघून गेलं.

जेवण तसंच टाकून तो सूर्यास्ताचं ठरवायला बोटवाल्याकडे गेला. पोरगी ताटातल्या डोळ्याकडे बघत बसली. मग हळूच तिने विचारलं, "मावशी, इथे सगळे हेच खातात का?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्याला शब्द दिला होता, आणि पोराच्या धंद्यात आपण का माती कालवावी? धाकटीने पदराने तोंड पुसलं. पाठीमागे कोणीतरी श्वास रोखून उभं आहे असं तिला वाटलं. हात आखडतो तशी जीभही आखडू लागली. तिने ती जोर लावून हलवली.

"नाही गं. ते तिला आवडायचं."

पोरीचा हात टोपीच्या काठाकडे गेला. तिने विचारलं, "टोपी पण?"

"टोपी पण."

"आणि ते काळे खडक?"

"तिथेही गेली होती ती, त्याच्याबरोबर."

पोरीने टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि कपाळावरचा वळ बोटाने चाचपला. रडली नाही. धाकटीने तिच्यापुढचं ताट उचललं, आणि जे तिला स्वतःला कोणीही कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "तुला काय हवंय खायला?"

पोरीने चांगला विचार केला. मग म्हणाली, अंडं. नुसतं तळलेलं, वर मीठ.

तो परत आला तेव्हा ती अंडं खात होती आणि माशाचं डोकं त्याच्या जागेवर मांडलेलं होतं. तो उभाच राहिला. तिने टोपी त्याच्या हातात दिली.

"ही तुझ्याजवळ ठेव. टाकायची नाही. पण मला घालायला लावू नकोस."

त्याने धाकटीकडे पाहिलं. रागाने बघेल असं तिला वाटलं होतं, पण राग नव्हता. तो खाली बसला, ते डोकं पुढे ओढलं आणि पहिल्याच घासाला ढसाढसा रडला. पोरीने त्याची समजूत घातली नाही आणि ती उठूनही गेली नाही. शेजारी बसून तिने अंडं शेवटपर्यंत खाल्लं. मग बोटवाल्याला सांगितलं की खडकांकडे नको, दुसरीकडे कुठेही चालेल. बोटवाला पटकन बरं म्हणाला. त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं. आजवर त्याला तसं कोणी म्हटलंच नव्हतं.

निघताना पोरगी मागे वळली. "आणि तुम्हाला काय आवडतं, मावशी?"

उत्तर तयार होतं. जास्त भाजलेल्या खोबऱ्याचं कालवण, तिच्या ओठांवर आलंसुद्धा. पण ते उत्तर कोणाचं होतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने ओठ मिटून घेतले. दुसरं काही आत सापडेना. पोरगी थोडी थांबली, हात हलवून बोटीकडे गेली.

दिवेलागणीला धाकटीने भांडी घासली, चूल पुसली. मग एक अंडं फोडून तव्यावर टाकलं. मिठाचा डबा डावीकडून उचलून उजवीकडे ठेवला आणि तिथून चिमूट घेतली. हात आखडला नाही. बाकावर बसून तिने पहिला घास तोंडात घातला आणि सावकाश चावला. चांगला लागतोय की नाही, हे तिला काही केल्या ठरवता येईना. मागून कोणी सांगेल म्हणून ती वाट बघत राहिली.