कानामागचं हाड

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांच्याशी खासगीत बोलायची सोय गेली कित्येक वर्षं उरलेली नव्हती. जे सांगायचं ते ओरडून, आणि ओरडलं की अख्ख्या आळीला. सुप्याच्या अलीकडे, नगर-पुणे रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. घराला लागूनच दादांची पिठाची गिरणी. एकदा आईनं त्यांना विचारलं, "पोट साफ झालं का?" तर समोरच्या ओट्यावरनं उत्तर आलं, "काकू, आमचं झालं, त्यांचं त्यांनाच ठावं!" सगळी आळी हसली. आईही हसली, पण तेव्हापासून ती दादांशी कामापुरतंच बोलू लागली. पुढे तेही हातवाऱ्यांवर आलं.

मी नगरजवळ केडगावला राहते, शाळेत शिकवते, आणि तापट आहे हे मला कुणी सांगायला नको. रविवारी माहेरी जावं तर ही दोघं समोरासमोर बसून मुक्यानं भाकरी खाताहेत. माझं डोकं उठायचं. कानाचं मशीन आणून दिलं, ते दादांनी चार दिवस घातलं आणि "नुस्ता खरखराट हाय" म्हणून डब्यात टाकलं. मग एका रविवारी भांडी घासता घासता आईच म्हणाली, "कायतरी कर बाई त्यांच्या कानाचं. मला त्यांला एक गोष्ट सांगायचीय."

"मग सांग की. मी ओरडते हवं तर."

"वरडून सांगायची न्हाई ती."

"मला सांग, मी लिहून देते. दादांना वाचता येतं."

"तुला सांगायची असती तर तुलाच सांगितली नसती का?"

मी नगरला कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला.

तपासणीची खोली म्हणजे काचेची खिडकी असलेली एक कोंदट पेटी होती. दादा आत, आम्ही दोघी बाहेर, मशीन चालवणाऱ्या मुलीच्या मागे. तिनं मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यासमोर धरलं: आलं की बोट वर करा. आधी दोन्ही कानांवर हेडफोन. ती बटणं दाबत राहिली आणि दादांचा हात मांडीवर तसाच पडून राहिला. ते आमच्याकडे बघून हसले. मला ते बघवेना.

मग तिनं हेडफोन काढले आणि डोक्यावरून एक स्टीलची पट्टी बसवली. पट्टीच्या टोकाला लहानशी डबी होती, ती कानामागच्या हाडावर टेकवली. मला म्हणाली, "ताई, कानाच्या वाटेनं आवाज पोचत नाही. आता हाडातून पोचतो का बघायचं. पोचला तर आतली नस चांगली आहे, फक्त वाट अडलीय. मग ऑपरेशनचा विचार करता येतो."

"आणि नाही पोचला तर?"

तिनं नुसतं बटण दाबलं.

दादांचं बोट वर गेलं. आईनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. "आलं! त्यांला आलं!" बारीक आवाजांना बोट हललं नाही, पण जाड, घुमणाऱ्या आवाजांना ते पुनःपुन्हा वर गेलं. डॉक्टरांनी आलेख पाहिला. जाड आवाजांत कान आणि हाड यांच्यात फरक दिसतोय, म्हणाले, आशा ठेवायला हरकत नाही, पण ऑपरेशन ठरवण्याआधी पुण्याला एकदा पुन्हा तपासून घ्या. आईनं त्यातलं ऑपरेशन तेवढं ऐकलं.

पुण्याची तारीख येईपर्यंत आमचं घर बदललं. आईनं हातवारेही सोडून दिले. "आता एकदाच बोलंन," म्हणायची. कामं करताना तिचे ओठ हलायचे. ती गोष्ट मनातल्या मनात म्हणून बघत असावी, असं मला वाटायचं. दादा रोज दाढी करायला लागले, जणू पाहुणे यायचे आहेत. मला आनंद झाला होता, फार आनंद झाला होता, आणि पुण्याला काय होईल याची भीती मी जवळ फिरकू दिली नाही.

पुण्यात तपासायला मध्यम वयाच्या बाई होत्या. पुन्हा तीच पेटी, तीच पट्टी, तेच बोट. जाड आवाजाला बोट वर गेलं तशा बाई थांबल्या. आत गेल्या, ती डबी कानामागून काढली आणि दादांच्या मनगटावर ठेवली. बाहेर येऊन बटण दाबलं. बोट वर गेलं.

आई हसली. "बघ, हातालाबी ऐकू येतंय."

बाईंनी कागदावर लिहून विचारलं, आवाज येतो की थरथर कळते? दादांनी वाचलं आणि खुळ्या पोरीकडे बघावं तसं बाईंकडे पाहिलं. "थरथर म्हंजेच की आवाज. गिरणीत मी आसंच ऐकतो."

ते खरंच होतं. मला आठवतं तेव्हापासून दादांचा एक तळवा गिरणीच्या अंगावर असायचा. दगड जास्त जवळ आलाय, वरच्या डब्यातलं धान्य संपत आलंय, पट्टा सैल झालाय, सगळं त्यांना तळव्यातून कळायचं. रिकामी गिरणी चालणं म्हणजे तर त्यांच्या लेखी पाप. दगडावर दगड घासतो, कच पिठात उतरते. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, मान वळवून न बघताही, त्यांचा हात वेळेवर बटणाकडे जायचा. कान केव्हा गेले हे त्यांना स्वतःलाही नीट कळलं नसणार, कारण गिरणी तर ऐकू येतच होती.

हाडातून काहीच पोचत नव्हतं. कातडीला कळत होतं तेवढंच. डॉक्टर म्हणाले, नस गेलीय. गिरणीचा आवाज, वय, आणि तरुणपणी क्षयाच्या वेळी घेतलेली इंजेक्शनं, सगळ्यांनी मिळून. आत यंत्र बसवायचं मोठं ऑपरेशन असतं, पण ते त्यांच्या हृदयाला झेपणार नाही.

येताना एसटीत आई खिडकीबाहेर बघत होती. दादांनी मला मोठ्यानं विचारलं, "आपरेशन कवा हाय?" पुढच्या सीटवरच्यांनी वळून पाहिलं. मी मान हलवली. नाही. ते "बरं" म्हणाले आणि पिशवी मांडीवर नीट धरून बसले.

घरी पोचल्यावर माझा तोल गेला. "दादा, तुम्हाला ऐकू येत नव्हतं तर बोट कशाला वर केलंत? आम्हाला कशाला आशा लावलीत?" ऐकलं अर्थात आळीनं. दादा माझ्या तोंडाकडे बघून काय झालं ते विचारत होते.

आई म्हणाली, "त्यांच्यावर नको वरडू. जे हुतं तेच सांगितलं त्यांनी."

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. दुपारची वेळ होती, मी आत कणीक मळत होते. गिरणी सुरू झाली आणि लगेच मी कान टवकारले. आवाज चुकीचा होता. दगड दगडावर घासत होता. दादांना अचानक काही झालं असावं म्हणून कणकेच्या हातानंच धावले. गिरणीचं दार लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं.

दादा पोत्यावर बसले होते. आई त्यांच्यामागे गुडघ्यांवर, एका हातानं त्यांचं डोकं धरून. तिची हनुवटी त्यांच्या कानामागच्या हाडावर टेकलेली, बरोबर जिथं ती डबी बसवली होती तिथं. ती बोलत होती. मोठ्यानं, गळ्याच्या शिरा ताणून, पण गिरणीच्या त्या खरडण्यात मला एक अक्षर कळत नव्हतं. आळीलाही नाही. म्हणूनच तिनं गिरणी लावली होती, आणि दादांनी ती रिकामी चालू दिली होती. त्यांचे डोळे मिटलेले होते. ती बोलली की त्यांचं बोट वर जायचं. ती श्वास घ्यायला थांबली की खाली.

मी दार तसंच लोटून मागे झाले. मला रडू आवरेना.

थोड्या वेळानं मोटार बंद झाली. आई पदरानं तोंडावरचं पीठ पुसत बाहेर आली. "सांगितलं," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मी गिरणीत गेले. दादा थांबलेल्या गिरणीवर तळवा ठेवून बसले होते. मी खुणेनं विचारलं, समजलं? त्यांनी मान हलवली. "शबूद न्हाई समजला येकबी." मग नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "तुला म्हाईत हाय का, काय हुतं ते?"

समोरच्या ओट्यावरची बोलणी थांबली. मला माहीत नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली.

"मग ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले. "मला सांगितलंय तिनं."